शिसे गुंडाळलेली मूठ

सईदचाचांनी ती सोल्डरिंग आयर्न उचलली, तिची मूठ तळहातावर तोलून पाहिली आणि पुन्हा वर्तमानपत्रावर ठेवून दिली. मग चष्मा काढून सदऱ्याच्या कडेने पुसू लागले. काचा मुळीच मळल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा आसिम हातातली कानस उलटसुलट करीत बापाकडे बघत होता. मागच्या रुळांवरून भुसावळकडे निघालेली मालगाडी लांबत लांबत गेली. तिचा शेवटचा डबा गेल्यावर आधीची शांतता तशीच जागेवर होती, फक्त आता ती घासूनपुसून ठेवल्यासारखी स्पष्ट दिसत होती.

"चाचा, मी विचारलं, ही कोणाची?" गार्गी म्हणाली.

"दुकानातली आहे."

"दुकानातली तर सगळीच हत्यारं आहेत."

"मंग हे बी," असे म्हणून त्यांनी चष्मा चढवला आणि बाजूची मोठी कात्री ओढून घेतली. "हे लिही. पत्रा कापायची. हे माही."

गार्गीने चिठ्ठीवर तसे लिहिले.

नांदुऱ्याच्या स्टेशन रस्त्यावरचे हे दुकान म्हणजे गार्गीच्या घराचीच पुढची खोली, वर पत्रे आणि मधोमध फळ्यांचा आडोसा. आडोशाच्या पुढे गार्गीचे वडील, उद्धव, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत. मागे सईद डबे, कंदील, स्टोव्ह आणि कपाशीवर फवारायचे पितळी पंप डागून देत. डाग देणे, म्हणजे वितळलेल्या कथलाने धातूला धातू जोडणे, एवढाच दोघांच्या धंद्यातला समान धागा होता आणि तेवढ्यावर त्यांनी उमेदीची सारी वर्षे काढली होती. उद्धव गेले. सईदांनी काही वर्षे एकट्याने रेटले, मग गुडघ्यांनी त्यांना घरी बसवले. आता खोली मोबाइलवाल्याला भाड्याने जायची होती. गार्गी बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत होती. तिथे जुन्या उपकरणांचा एक कोपरा मांडायचे ठरले, तेव्हा तिने ही हत्यारे मागून घेतली. प्रत्येकाला एक चिठ्ठी हवी होती: काय आहे, कशासाठी आहे, कोणी वापरले. ओळख पटवायला म्हणून तिने सईदचाचांना बोलावले, आणि आसिमलाही. आसिमचा खामगावात जुन्या वस्तूंचा व्यापार होता, आणि कुठल्याही गंजलेल्या वस्तूकडे तो नवरदेवाकडच्या माणसासारखा बघे.

हे सगळे खरे होते, आणि तरीही गार्गी त्यासाठी आली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात प्रयोगशाळेत सदाफुलीच्या देठाचा काप घेताना तिच्या उजव्या हातातले ब्लेड हलले. काप इतका पातळ हवा असतो, की त्यातून उजेड आरपार जावा. तो जाड निघाला, मग पुढचा तिरपा निघाला. तिने आधी थंडीला दोष दिला, नंतर चहाला, मग जागरणाला. हात स्वस्थ असला की काही नसे. काही नेमके करायला गेला, की त्यात कोणीतरी दुसरेच जागे होई. अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला कागदावर आतून बाहेर उलगडत जाणारी वेटोळी रेषा काढायला लावली, तिच्या कातरलेल्या कडेकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "घरात कोणाला होतं? वडिलांना? कितव्या वर्षी सुरू झालं, नंतर किती वाढलं?" पुढची वाट बरेचदा घरातल्या माणसांवरून ओळखता येते, असे ते म्हणाले.

गार्गीला सांगता आले नाही. तिने आईला फोनवर सहज विचारल्यासारखे करून विचारले. "त्याईचा हात?" आई म्हणाली, "भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा. अख्ख्या नांदुऱ्याले विचार. काऊन?" आईला तिने काहीच सांगितले नव्हते. वडील एका सकाळी अंघोळीहून येताना छाती धरून बसले ते उठले नाहीत, त्यांच्याजवळ विचारायचे राहून गेले असे काही आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? माणूस गेला की त्याचा हातही जातो. पण त्या हाताने रोज जे धरले ते मागे उरते, आणि धरण्याची खूण अंगावर घेऊन उरते. खोडाच्या कापात झाडाने सोसलेले दुष्काळ वाचणाऱ्या बाईला एवढा विश्वास पुरेसा होता.

"ताई, हे पाहा," आसिम म्हणाला. त्याने कुऱ्हाडीसारख्या तांब्याच्या डोक्याचे, लोखंडी दांडीचे हत्यार उचलले. "कैया. बिनबिजलीची. कोळशात तापवायची, नवसागरावर घासायची अन् डाग द्यायचा. इंग्रजाच्या जमान्यातली आहे. पुण्याचे लोक अशी भिंतीवर टांगतात."

"तुह्या जन्माच्या वर्षीची आहे बे," सईद म्हणाले. "शेगावच्या यात्रेतून मीच आणली. लोहारानं माह्यासमोर दांडी ठोकली."

"अब्बा, थोडी जुनी राहू द्या ना. तुमचंच नाव होईन."

"माहं नाव तू कबाडात घालूनच राह्यला."

गार्गी हसली. पर्समधून तिने आपले छोटे भिंग काढले आणि तांब्याच्या तोंडावर धरले. कथलाचा राखाडी थर अजून टिकून होता. तोंडाच्या खालच्या कडेला उजवीकडे एक उथळ खळगा पडला होता.

"उजवीकडं झिजली. म्हणजे तुमची," ती म्हणाली. चाचा डावखुरे होते. डाव्या हाताने धरलेले हत्यार कामावर उजव्या अंगाने टेकते, आणि तिथेच तांबे वर्षानुवर्षे कथलात विरघळत जाते. उजव्या हाताचे उलटे. सकाळपासून तिने याच खुणेवर दोन ढीग केले होते: डावीकडे झिजलेली ती बाबांची, उजवीकडे झिजलेली ती चाचांची.

"पोरीनं तांब्याले बी झाड समजलं," सईद म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "बरोबर आहे तुहं. इथं एकच कायदा होता. दुसऱ्याच्या कैयेले हात लावाचा नाही. ज्याचं तोंड त्यानंच कानसीनं घासाव, त्यानंच त्याले कथील पाजाव. दुसऱ्याचा हात लागला की ते बिघडते. मंग डाग धरत नाही."

"चहा मात्र एका बशीत पेत होते दोघं," आसिम म्हणाला. "अन् उद्धवकाकाचा कप नेहमी अर्धा. मी लहानपणी म्हणो, काका एवढा मोठा मिस्तरी अन् घरचे त्याले चहा पोटभर देत नाही."

"भरून दिला की निवतो, म्हणायची आई," गार्गी म्हणाली. "अर्धा, मग थोड्या वेळानं पुन्हा अर्धा."

सईदांनी कात्री उघडली, मिटली, आणि बाजूला ठेवली.

मग हातड्रिल आले, पितळी टाकीचा ब्लो लॅम्प आला, पकडी आल्या. एका पकडीच्या मुठीवर आसिमने विलायती शिक्का शोधला आणि तो जालंधरचा निघाला, तेव्हा त्याने ती पटकन खाली ठेवली. चिठ्ठ्या लिहून होत गेल्या. शेवटी वर्तमानपत्रावर दोनच वस्तू राहिल्या. एक ती, जिने सगळ्यांना गप्प केले होते. दुसरी पिवळ्या फलालीनच्या तुकड्यात गुंडाळलेली.

गार्गीने पहिली पुन्हा जवळ ओढली. विजेची जुनी आयर्न, कापडी वेष्टणाची वायर, काळी मूठ. पण मूठ मुठीसारखी राहिली नव्हती. तिच्यावर शिशाची पट्टी फेऱ्यावर फेरे घालून गुंडाळली होती, आणि वरून सायकलच्या ट्यूबचा घट्ट बांधलेला पट्टा. हत्यार एखाद्या वरवंट्यासारखे जड झाले होते.

"चोरी होऊ नये म्हणून असन," आसिम म्हणाला. "एवढं वजन कोण नेईन?"

हिवाळ्यापासून गार्गीने जे काही वाचले होते त्यात हेही होते, की थरथरणाऱ्या हाताला वजन दिले की तो थोडा शांत होतो. लोक जड चमचे घेतात, पेनाला पट्ट्या बांधतात. तिने भिंगातून तोंड पाहिले. झीज डावीकडे होती, म्हणजे हत्यार बाबांचे, यात शंका नव्हती. पण एका जागी नव्हती. कड सगळीकडून बोथटली होती. तोंड ठरल्या जागी टेकले नव्हते, चाचपडत राहिले होते. तिने टेबलाकडे पाहिले, बाबा बसत त्या बाजूला. लाकडावर जळल्याचे काळे ठिपके विखुरले होते, भाकरीवरच्या डागांसारखे. तिच्या शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून ते तिथे होते. ते कशाचे, असे तिने कधी विचारले नव्हते.

मग तिने ते फडके उलगडले.

ही तिने आणली होती. नोकरीच्या पहिल्या पगारातून, नागपूरहून. पेन्सिलीसारखी बारीक, हलकी, निळ्या मुठीची. बारीक सर्किटांसाठी अशीच लागते असे दुकानदार म्हणाला होता. बाबा तेव्हा फोनवर म्हणाले होते, "तुझ्या आयर्नीशिवाय आता आमचं पान हलत नाही." ते वाक्य तिने पुष्कळ वर्षे जपले. वाईट दिवशी ते काढून बघावे, आणि पुन्हा घडी घालून ठेवावे.

मूठ वापराने गुळगुळीत झाली होती. बाबा खोटे बोलले नव्हते. तिने मुठीवरचा स्क्रू वर केला, तोंड उजेडाकडे धरले आणि भिंग जवळ नेले.

खळगा उजवीकडे होता.

तिने भिंग बाजूला घेतले, पुसले आणि पुन्हा पाहिले. खळगा खोल होता, नेमका होता, वर्षानुवर्षे एकाच जागी टेकलेल्या निश्चयी हाताचा होता. आणि उजवीकडे होता.

तेव्हा तिला आडोशामागचा आवाज आठवला. गिऱ्हाईक आले की बाबा रेडिओ उघडत, कान लावत, दोष शोधत, आणि म्हणत, "बसा, आत जाऊन एक डाग देऊन आणतो." फळ्यांमागून राळेचा गोडसर धूर येई आणि बाबांचा हलका स्वर येई. "डावीकडून तिसरा. त्याच्या खालचा. हं. पुरे, काढ." बाबा कामात स्वतःशी बोलतात, असे तिने मैत्रिणींना कौतुकाने सांगितले होते. माणूस स्वतःला "काढ" म्हणत नाही, हे एवढ्या वर्षांत तिच्या ध्यानात आले नव्हते.

तिने निळी आयर्न उचलली आणि सईदचाचांच्या ढिगात ठेवली.

"ताई, हे तं तुम्ही काकांसाठी आणली होती," आसिम म्हणाला. "चुकलं असन काही."

तिने ती उचलून परत बाबांच्या ढिगात ठेवावी याची सईदांनी थोडा वेळ वाट पाहिली. ती ठेवत नाही असे पाहून म्हणाले, "आसिम, स्टेशनावर जाऊन पाह्य, ऑटोवाला आला का. हे सामान एका फेरीत जाईन का इचार."

"अब्बा, तो पाचले येणार आहे."

"मंग पाचपर्यंत तिथं उभा राय."

आसिमने दोघांकडे पाहिले आणि चपला घातल्या.

"चाचा," तो गेल्यावर गार्गी म्हणाली, "बाबांचा हात कधीपासून हलत होता?"

"कोणाचा?" सईद म्हणाले. "उद्धवचा? त्याचा हात..."

"भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा. ते मला आईनं सांगितलं."

ते खाली पाहत राहिले. "मेलेल्या माणसाची झडती घेऊन काय भेटते, बेटा? चिठ्ठीवर त्याचंच नाव लिही. मले काही लागत नाही. दोघाईचं दुकान होतं."

"चिठ्ठीसाठी नाही विचारत."

तिने एक कोरी चिठ्ठी उजव्या हाताच्या चिमटीत धरली आणि हात टेबलावरून पुढे, त्यांच्या समोर नेला. हात लांब झाला तशी चिठ्ठी हलू लागली. खोलीत वारा नव्हता. पंखा बंद होता. कागद बारीक, एकसारखा आवाज करीत राहिला.

सईदांनी त्या कागदाकडे पाहिले, आणि मग आपल्या डाव्या हाताने तिचा हात कागदासकट टेबलावर दाबून धरला. तसाच धरून ठेवला.

"तू दहावीत होती तवा," ते म्हणाले. "दिवाळीच्या टायमाले. त्यानं एका मारवाड्याचा रेडिओ जाळला. माह्याजवळ आला, म्हणे, सईद, हात ऐकत नाही. मी म्हटलं, थकला असशीन. मंग मीच हे शिसं गुंडाळून दिलं. पंपाचं उरलं होतं. त्यावर काही वर्षं निघाली. तू हे निळी आणली तवा बारीक काम त्याच्यानं होतच नव्हतं. डब्बी उघडली अन् घेऊन बसला. म्हणे, पोरीनं आणली, पडून नाही राहाले पाहिजे. तू वापर. मी म्हटलं, आपला कायदा? म्हणे, कायदा माहाच होता, मीच मोडतो."

गार्गीने मनात हिशेब केला. ती दहावीत असताना बाबा बेचाळिशीचे. ती आता बेचाळिशीची होती.

"आणि नंतर? वाढलं किती?"

"वाढलं. पण पळत नाही गेलं, चालत गेलं." त्यांनी शब्द शोधले. "सायकल चालवली शेवटच्या दिवसापर्यंत. आपल्या हातानं जेवला. रेडिओतला दोष तं त्याच्यासारखा कोणालेच नाही सापडला, मले आजबी नाही सापडत. सही करे तवा थोडा येळ घे. दाढीले न्हाव्याकडं जाये, तं तुह्या आईले वाटे, माणूस शौकीन झाला." ते किंचित हसले. "फक्त डाग माह्याकडं होता. बाकी सगळा तोच होता, बेटा."

हे ऐकताना तिच्या मनात काहीतरी सावकाश खाली बसले. आनंद नव्हता तो. गढूळ पाण्यातली माती तळाशी जावी आणि पाण्याची खोली दिसावी, तसे काही. खोली होती. पण दिसत होती. डॉक्टरांना सांगण्यासारखे आता तिच्याजवळ होते. वर्ष होते, वेग होता, आणि शेवटपर्यंत चाललेली सायकल होती.

"तुम्ही कोणालाच का नाही सांगितलं?"

"त्यानं हात धरून कबूल करवून घेतलं होतं. लोकाईनं काम देणं बंद केलं असतं, हे एक. अन् दुसरं, वहिनीले कळू द्यायचं नव्हतं. म्हणे, ते रात्रंदिवस माह्या हाताकडंच पाहीन, मंग तो जास्तच हालन." त्यांनी तिचा हात सोडला. "तूबी सांगू नको तिले. आता या वयात काऊन सांगाचं?"

"नाही सांगत."

आतल्या दारात भांड्यांचा आवाज झाला. सईदांनी निळी आयर्न फडक्यात गुंडाळली आणि क्षणभर विचार करून दोन्ही ढिगांच्या मधे ठेवली.

गार्गीची आई, स्नेहलताबाई, चहाचा ट्रे घेऊन आल्या. गुडघ्यांमुळे त्या उंबऱ्यावर नेहमी थोड्या थांबत, तशा थांबल्या. "आसिम कुठं गेला? त्याचाबी ठेवला होता. बिस्किटं घ्या, सईदभाऊ, साखर कमीच आहे त्याच्यात." त्यांनी एक कप सईदांसमोर ठेवला, काठोकाठ भरलेला, आणि आसिमचा, तोही तसाच भरलेला, बशीने झाकून बाजूला ठेवला. मग तिसरा कप ट्रेवरून उचलून गार्गीसमोर ठेवला.

गार्गीने हात पुढे केला आणि थांबली.

कप अर्धा होता. सांडला नव्हता, बशी कोरडी होती. कमी पडला म्हणावे, तर आईने आत स्वयंपाकघरात गाळणीखाली उरलेला चहा झाकून ठेवलेला उघड्या दारातून दिसत होता. अर्धा, मोजून ओतल्यासारखा अर्धा, कडेपासून इतका खाली की कितीही हलला तरी बाहेर येऊ नये.

तिने सईदचाचांकडे पाहिले. तेही कपाकडेच पाहत होते. आपला कप त्यांनी उचलला होता, तो तसाच हवेत राहिला.

सकाळच्या नाश्त्याला दूध असेच अर्धे होते, हे तिला आता आठवले. काल संध्याकाळी आल्या आल्या दिलेले पाणी. संक्रांतीला आली होती तेव्हाचा चहाही? ते आठवेना. बाबांचे मात्र सगळे कप आठवत होते, आडोशाच्या फळीवर ठेवलेले, अर्धे, आणि थोड्या वेळाने पुन्हा अर्धे.

"आई," ती म्हणाली, "माझा कप अर्धाच आहे."

"भरून दिला की निवतो."

"बाबांचा पण निवायचा."

स्नेहलताबाईंनी टेबलावर सांडलेली कथलाची चूर पदराच्या टोकाने एका बाजूला केली. शिसे गुंडाळलेली मूठ वाटेत आली, ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलून अलगद सरकवली, घरातली नेहमीची वस्तू सरकवावी तशी. तिच्या वजनाचे त्यांना नवल वाटलेले दिसले नाही.

"तुले त्याईचं माहीत होतं," गार्गी म्हणाली. "अन् माहं? माहं तुले कधी कळलं, आई?"

स्नेहलताबाईंनी रिकामा ट्रे उचलून छातीशी धरला. उंबऱ्यावर थोड्या थांबल्या, गुडघ्यांसाठी, आणि मग मागे न पाहता आत निघून गेल्या.